नवतप्यातल्या बारा पट्ट्या

काँक्रीट किती आकसणार हे अख्ख्या नागपुरात सगळ्यात आधी मले मालूम झालं होतं. कारण ते आकसू नये म्हणून त्याले चोरून पाणी पाजणारा मीच होतो.

आता मे महिना अर्धा झाला. गल्लीत कूलर निघाले. कोणी पत्रा ठोकून राहिलं, कोणी मागच्या सालचं खस, म्हणजे वाळ्याच्या ताट्या, झटकून राहिलं, त्या खसातून धुळीसंगं एखादी पालही खाली पडते अन् बाया किंचाळतात. हे सगळं माही पोरगी लिहून घेते. मले लिहता येत नाही. मी बोलतो अन् ती माह्या शिव्या गाळते, म्हणून मी इथं आहे त्याच्यापेक्षा शहाणा दिसन. तं काल तिनं कूलरच्या खसावर बादलीभर पाणी मारलं. वास आला. ओल्या खसाचा वास वेगळा अन् ओल्या तरटाचा वेगळा, हे मलेही समजते, पण माह्या पायाले नाही समजत. मी खाटेवरून उठलो. दारात गेलो. परत आलो. माठातलं पाणी पिलो, परत दारात गेलो.

"बाबा, बसा नं एका जागी," पोरगी म्हणे. "नवतपा अंगात आला काय तुमच्या?"

नवतपा नागपूरच्या माणसाले सांगा लागत नाही. बाहेरच्या माणसासाठी सांगतो. मे सरता सरता उन्हाचे नऊ दिवस असे येतात का रस्त्यावरचं डांबर चप्पल धरून ठेवते. तुम्ही पुढं जाता, चप्पल मागं राहते. माणसं कानाले दुपट्टा बांधतात, खिशात कांदा ठेवतात. मी दोन ठेवत होतो. एक लू, म्हणजे ती गरम झळ, लागू नये म्हणून, अन् दुसरा भाकरीसंगं खायाले. दुपारी बारानंतर रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, अन् दिसलं तं ते नालीत बसलेलं असते. तशा एका नवतप्याची ही गोष्ट. सत्तरच्या पुढचं साल असन. मले साल ध्यानात राहत नाही, ऊन राहते.

तेव्हा मी इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये होतो. असं म्हटलं का लोक खुर्ची पुढं करतात. मी तिथं उचल-ठेव कराले होतो. त्याच्या आधी मिस्त्री होतो, तोही अर्धाच. माही भिंत सरळ उभी राहे, फक्त कोणत्या बाजूनं पाहिलं तं सरळ दिसते हे मालकाले हाताले धरून दाखवा लागे. पण एक काम मले पक्कं येत होतं. तराई. म्हणजे काँक्रीट टाकल्यावर त्याले पाणी पाजणं. माह्या उस्तादानं हे मले मारून मारून शिकवलं होतं. ते म्हणत, "पैकू, काँक्रीट म्हणजे बाळंतीण होय. तिले वारा लागू देऊ नको, ऊन लागू देऊ नको, अन् पाणी मागाची पाळी येऊ देऊ नको." तरट ओलं करून झाकाचं, तरट सुकलं का परत पाणी. मी भाकर खाता खाता उठून पाणी मारे. माही बायको कौतिका तेव्हा त्याच कामावर रेजा होती, डोक्यावर घमेलं घेऊन चढे. तिनं मले पसंत केलं ते तराईवरूनच. नंतर म्हणे, "स्लॅबची एवढी काळजी घेते, मले वाटलं बायकोची तं अजून घेईन. फसली मी."

लॅबमध्ये चिमोटे मॅडम होत्या. नव्या, सव्वीस-सत्तावीसच्या. पूर्ण बिल्डिंगमध्ये मले 'पैकूजी' म्हणणाऱ्या त्या एकट्या. बाकीचे 'ए पैकू', अन् बडे साहेब तं नुसती टिचकी वाजवत. मॅडमची नोकरी पक्की नव्हती, सालासालावर होती. अन् त्यांच्या हाती एक काम आलं होतं. हिंगण्याले एक नवा कारखाना बनून राहिला होता, त्याच्या मोठ्या शेडची फर्श टाकाची होती. फर्श एका तुकड्यात टाकता येत नाही. काँक्रीट सुकता सुकता आकसते, त्याले जागा पाहिजे, म्हणून थोड्या थोड्या अंतरावर सांधा सोडा लागते. नाही सोडला तं ते स्वतःच मधातून फाटते अन् आपला सांधा आपण करून घेते. मालकाले सांधे कमी पाहिजे होते, काहून का त्याच्या ट्रॉल्यांची चाकं सांध्यावर धडकत. नेहमीचा हिशेब पंधरा फुटांचा. तो म्हणे, तीस फुटांवर करा. मॅडम म्हणाल्या, "मी सांगते. इथली गिट्टी, इथली रेती, इथलं ऊन घेऊन मोजून सांगते, सालभरात किती आकसणार ते."

बडे साहेब हसले होते. "बाई काँक्रीटचं भविष्य सांगणार!" मॅडमनं ऐकलं अन् फाइल उचलून निघून आल्या. त्या दिवसापासून आम्हा दोघांलेही मालूम होतं का हे भविष्य बरोबर निघालं तं मॅडम ह्या कॉलेजात राहतात, अन् नाही निघालं तं नाही राहत.

मंग आम्ही बारा पट्ट्या बनवल्या. काँक्रीटच्या, इटेपेक्षा बारीक, दीड वीत लांब, दोन्ही टोकाले लोखंडाची एक एक घुंडी. सात दिवस पाण्यात ठेवल्या, मंग काढून लाकडी मांडणीवर सुकाले ठेवल्या. रोज सकाळी मी एक एक पट्टी लेकरासारखी उचलून एका चौकटीत उभी करो. वर घड्याळासारखी डायल, एकच काटा. मॅडम वाकून काटा वाचत अन् वहीत लिहत. मले पहिल्या दिवशी वाटलं हे घड्याळ बंद आहे, म्हणून मी त्याले ठोकलं. त्या दिवसाचं पूर्ण मोजमाप परत करा लागलं.

"पैकूजी, केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढं आकसलं," मॅडम सांगत.

"मॅडम, एवढ्यासाठी एवढी मोठी बिल्डिंग बांधली सरकारनं?"

त्या हसत. हसल्या का मले आंबील पिल्यासारखं वाटे. माणसाले आपल्या बोलण्यावर शिकलेलं माणूस हसलं का जी नशा येते ती कोणत्या दारूत नाही. मी दोन्ही घेऊन पाहिल्या आहेत.

मॅडम चौकड्यांच्या कागदावर एक रेघ काढत. मले दाखवलं त्यांनी. पहिले घसरगुंडीसारखी खाली येते, मंग हळू होते, अजून हळू, पण जमिनीले टेकत नाही. "पहिल्या काही दिवसांत रेघ कशी वळते ते नीट पाहिलं, तर पुढचं सालभर दिसतं," त्या म्हणाल्या. मी मान हलवली. ज्याले समजत नाही तो जास्त हलवते.

बस्तीत येऊन मी सांगे, मी काँक्रीटची कुंडली काढतो. आमच्या पलीकडचे एक काका होते, रेल्वेतून रिटायर झालेले, त्यांनी मले घरी नेऊन स्लॅब दाखवला. "सांग गा पैकू, किती दिवस टिकन?" मी स्लॅबवर हात ठेवला, डोळे मिटले अन् म्हटलं, तुमच्यापेक्षा जास्त. काकूनं मले चहा नाही दिला.

मंग नवतपा लागला.

लॅबले पश्चिमेकडं मोठ्या खिडक्या. दुपारी लू आत येऊन मांडणीवरून अशी फिरे का जशी झडती घेऊन राहिली. मॅडम एक वाजता घरी जात, थेट दुसऱ्या दिवशी सकाळी येत. मी एकटा. अन् समोर बारा पट्ट्या, कोरड्या ठक्क, पांढऱ्या पडलेल्या, ओठ सुकलेल्या माणसासारख्या. मले सांगितलं होतं, "पैकूजी, यांना हात लावायचा नाही. सुकू द्यायच्या. सुकण्यासाठीच आहेत त्या." हे मले कानानं समजलं होतं. पण हातानं वीस साल तराई केली होती, अन् माहा हात माह्या कानाचं कधीच ऐकत नाही. पहिल्या दिवशी मी फक्त बोटं ओली करून शिंपडलं. दुसऱ्या दिवशी गडवाभर. तिसऱ्या दिवशी घरून पोत्याचं तरट आणलं, ओलं केलं, बाराही जणींवर झाकलं अन् समोर स्टुलावर बसून भाकर खाल्ली. काय समाधान वाटलं म्हणता! संध्याकाळी घरी जाताना तरट काढलं का लूनं अर्ध्या घंट्यात पट्ट्या वरून कोरड्या. कोणाले काय समजते!

मले समजत नव्हतं असं नाही. मी म्हटलं, एवढं गडवाभर पाणी, त्याच्यानं विज्ञान थोडंच बुडते.

चार-पाच दिवसांनी मॅडम डायलवरून उठल्या अन् टाळी वाजवली. "थांबलं! पैकूजी, आकसणं थांबलं!"

काटा हलत नव्हता. घसरगुंडी मधातच सपाट झाली होती. मॅडमनं परत मोजलं. परत तेच. त्यांनी बडे साहेबांले बोलावलं, साहेबांनी चष्मा लावून पाहिलं अन् पहिल्यांदा टिचकी न वाजवता बोलले, "छान." मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, हे पाणीही माह्याच गडव्यातलं होय.

त्याच दिवशी रिपोर्ट गेला: इथल्या गिट्टीचं काँक्रीट कमी आकसते, सांधा तीस फुटांवर चालन. हिंगण्याची ढलाई, म्हणजे फर्श ओतणं, सोमवारपासून.

तेव्हापासून मले बसणं बंद झालं. मी स्टुलावर बसो अन् उठो. लॅब झाडून झालेली परत झाडो. घरी आलो का कौतिका म्हणे जेवा, मी ताटावरून उठून माठ भरला आहे का पाहो. शेवटी तिले सांगितलं. ती कांदा कापून राहिली होती, तिचा हात थांबला.

"तुमची अक्कल त्या उस्तादानं पाण्यात कालवली वाटते."

"माही नोकरी जाईन वं सांगितलं तं."

"तुमची गेली तं मी घमेलं उचलीन," कौतिका म्हणे. "त्या बाईची गेली तं ती काय उचलन?"

दुसऱ्या दिवशी सांगाचंच म्हणून गेलो. मॅडम खुशीत होत्या, चहा मागवला, मलेही दिला. मी सुरुवात केली, "मॅडम, उमरेडले एक मिस्त्री होता. त्याचं भिंतीवर एवढं प्रेम का भिंत पूर्ण सुकल्यावरही तो तिले पाणी मारे. मालक म्हणे काहून? तं हा म्हणे, पावण्याले एकदाच पाणी विचारता काय जी?" मॅडम हसल्या. एवढ्या हसल्या का कप बशीत सांडला. "कुठून आणता हो तुम्ही हे!" अन् मी, तो मिस्त्री म्हणजे मीच होय हे सांगाच्या ऐवजी, त्यांच्या हसण्यावर अजून एक किस्सा चढवला. त्या दिवशी मी पाच किस्से सांगितले. पाचही चांगले होते. त्यातला एकही कामाचा नव्हता.

सोमवारी ढलाई लागली. मंगळवारी मी परत गेलो. म्हटलं, "मॅडम, ह्या पट्ट्या माह्या वळणावर गेल्या. वय होऊन राहिलं पण आकसाचं नाव नाही." परत हसू. अन् मलेही हसू आलं, हेच तं वाईट. माणूस खोटं बोलताना घाबरते, मी खरं बोलताना घाबरलो अन् त्याले हसून झाकून टाकलं, तरटासारखं.

गुरुवारी मॅडमनं मले हिंगण्याले नेलं, नमुन्याचे साचे उचलाले. पत्र्याची उंच शेड, आत मिक्सर गरगर फिरून राहिलेला, रेजा घमेली घेऊन लायनीनं, ओल्या सिमेंटचा तो वास जो मले घरासारखा वाटते. अर्धी फर्श होऊन गेली होती. तीस तीस फुटांचे सपाट तुकडे, वर ओलं तरट. मी त्यांच्याकडं पाहिलं अन् मले पहिल्यांदा काँक्रीटची भीती वाटली. एवढं मोठं अंग, अन् कुठंच जागा नाही आकसाले.

मिक्सरच्या आवाजात मी म्हटलं, "मॅडम, मी पट्ट्यांवर पाणी टाकलं."

"काय?"

"पाणी. रोज दुपारी. तरट झाकून. नवतपा लागला तेव्हापासून."

त्या हसायच्या तयारीत होत्या. माह्या तोंडाकडं पाहिलं अन् हसू तिथंच राहिलं, अर्धं. मंग त्यांनी ओरडा कराले पाहिजे होता. त्यांनी वही काढली. "कोणत्या दिवसापासून? किती वेळ तरट? सुट्टीच्या दिवशी?" मी सांगत गेलो, त्या लिहत गेल्या. मंग सिमेंटच्या पोत्यांवर बसल्या. माहं पाणी सुरू व्हाच्या आधीचे जेवढे दिवस होते तेवढेच घेतले, त्यांची रेघ नव्यानं काढली अन् पुढं वाढवली. घाम कागदावर पडून राहिला होता. ती रेघ सपाट नाही झाली. ती खाली खालीच गेली.

ठेकेदार लकडगंजचा होता, तोंडात पान. "मॅडम, चार दिन पहले तीस, आज पंधरा? काँक्रीट है की पंचांग?" त्याची माणसं हसली. असं हसू माह्यावर हसत असते, मले सवय आहे. मॅडमले नव्हती. त्या पुढच्या तुकड्याच्या फळीवर जाऊन उभ्या राहिल्या. "माझ्या अंगावर टाका मग." मिक्सर थांबला. तिथून पुढची अर्धी फर्श पंधरा फुटांनी झाली.

झालेल्या भागाबद्दल त्या म्हणाल्या, आत्ताच मधातून खाचा मारून द्या, तं फर्श वाचन. ठेकेदार म्हणे, नवी फर्श कोण फोडते. मंग मॅडमनं माह्याकडून खडू मागितला अन् त्या तीस फुटी तुकड्यांवरचं तरट सारून, वाकून, आडव्या रेघा मारत गेल्या. "इथे फुटेल. इथे. आणि इथे. हिवाळ्यापर्यंत." मी मागं मागं. एवढ्या उन्हात त्या पत्र्याखाली त्यांच्या पाठीकडं पाहून मले एकही किस्सा आठवला नाही.

आता मी फर्शवर चालतो तं खाली पाहत चालतो. दवाखान्यात, बँकेत, बसस्टँडवर. तडा दिसला का उभा राहतो, पावलानं मोजतो. मागून लोक धक्के देतात. पोरगी म्हणते, बाबांले जमिनीवर पैसे सापडाची आशा आहे. मले वाटत होतं, चूकही काँक्रीटसारखीच असन. पहिल्या महिन्यात बहुत आकसन, मंग हळूहळू, मंग संपन. आकसली ती. पण त्या रेघेसारखीच, जमिनीले टेकत नाही. कूलरचं पाणी पडलं का मी परत उभा.

त्या साली दिवाळी झाली, थंडी पडली, अन् फर्श फुटली. अर्धी. पंधरा फुटांची बाजू जशीच्या तशी. तीस फुटांच्या बाजूले प्रत्येक तुकड्याच्या मधातून तडा, कुठं मॅडमनं खडू मारला होता त्याच जागेवरून, कुठं वीतभर बाजूनं. मी स्वतः जाऊन पाहिलं. जमिनीवर कोणी आधीच लिहून ठेवल्यासारखं. असं भविष्य सांगणारं माणूस मी तेव्हा पाहिलं नव्हतं अन् नंतरही पाहिलं नाही. पण कारखानदाराले भविष्य नव्हतं पाहिजे, फर्श पाहिजे होती. त्यानं कॉलेजले लिहलं, तुमच्या बाईचा पहिला रिपोर्ट चुकीचा. बडे साहेबांनी चौकशी लावली. पट्ट्या ओल्या झाल्या होत्या हे मॅडमनंच लिहून दिलं होतं; कशा झाल्या, ते साहेबांनी त्यांले विचारलं. मी दाराबाहेर उभा होतो. मॅडम म्हणाल्या, "माझ्या देखरेखीतली चूक आहे." एवढंच. माहं नाव नाही. अन् मी दाराबाहेरच राहिलो. आत जाऊन एक वाक्य बोलाचं होतं, एवढं एवढं. मी पाणी प्याले गेलो.

पुढच्या उन्हाळ्यात मॅडमची नोकरी पुढं वाढवली नाही. माही पक्की झाली.

त्या दिवशी मी त्यांची पुस्तकं बांधून रिक्षात ठेवून राहिलो होतो. भर दुपार, लू चालू. बारा पट्ट्या त्यांनी सोबत नाही घेतल्या, त्या मांडणीवरच होत्या, पांढऱ्या. सुतळीची गाठ मारता मारता मले काही तरी बोलाचं होतं. माफी मागाची होती. अन् तोंडातून निघालं, "काही म्हणा मॅडम, आपलं भविष्य तं तंतोतंत निघालं! आता पाटी लावा, काँक्रीटचे जोतिषी म्हणून. पाणी माराले मी येतो."

रिक्षावाला हसला. खदखदून हसला.

मॅडमनं चष्मा काढला, पुसला, परत लावला. रिक्षात बसल्या.

"पैकूजी," त्या म्हणाल्या, "तुम्ही भित्रे आहात. लोक उगाच हसतात."